टोकाची गल्ली आणि पाणी सोडणारे मामा

लातूरच्या पाण्यावर काही लिहायचं म्हटलं की रेल्वे येतेच. दुष्काळात, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून 10 वाघिणींची पहिली गाडी निघाली, साधारण 5 लाख लिटर पाणी घेऊन, आणि 12 एप्रिलला लातूरला पोचली. पुढे 50 वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेला 25 लाख लिटर. वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं धुऊन घेतलेल्या. नाव 'जलदूत'. सिनेमा शिकणाऱ्या पोरीला याहून आयतं दृश्य कुठं मिळणार?

मी छत्रपती संभाजीनगरात पटकथालेखनाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. शेवटच्या सेमिस्टरला अर्ध्या तासाच्या फिल्मची पूर्ण पटकथा द्यावी लागते. आधी लॉगलाइन म्हणजे एका वाक्यात गोष्ट, मग वन-लाइन म्हणजे सीनमागून सीन एकेका ओळीत, मग ट्रीटमेंट म्हणजे सगळी गोष्ट सलग गद्यात, मग संवादांसह ड्राफ्ट. माझ्या लॉगलाइनमध्ये अर्थातच रेल्वे होती. आमच्या मॅडमनी कागद वाचला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "रेल्वेला काय हवंय?" मी गप्प. "रेल्वेला काही नको असतं गं. ज्याला काहीतरी हवंय आणि मिळत नाहीये, असा माणूस आण."

त्यात आमचं गाव लातूर शहर नव्हे, तासाभरावरचं तालुक्याचं ठिकाण. रेल्वेचं पाणी शहरासाठी. आम्हाला ते टीव्हीवर दिसलं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. आमच्या गावात त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच माणूस होता: गल्लोगल्ली फिरून नळ सोडणारा. सरकारदरबारी त्याला व्हॉल्व्हमन म्हणतात. गाव मामा म्हणतं. सायकल, सायकलच्या दांडीला बांधलेली कमरेएवढी लोखंडी चावी, खिशात वही. तहसीलदार कोण हे कुणाला माहीत नसेल, पण मामा आज कुठल्या बाजूला गेलेत हे बालवाडीतल्या लेकरालाही माहीत असायचं.

तर माझा नायक ठरला. पटकथा उभी राहिली. मामा आता निवृत्त झालेत, त्यांना दोनतीनदा भेटून आले होते. पण ते मोजकं बोलायचे. "सोडायचं, बंद करायचं. त्यात काय सांगायचं?" असं. मग मी नेहमीचं केलं. जिथं माहिती नव्हती तिथं नाट्य घातलं. एक पैसेवाला रात्री नायकाला नोटा देतो आणि दहा मिनिटं जास्त पाणी मागतो, असा सीन. वर्गात तो सगळ्यांना आवडला होता. वर्गाला असे सीन आवडतातच.

मॅडमचा एक आग्रह असतो. ड्राफ्ट मोठ्यानं वाचून घ्यायचा, आणि जमलं तर ज्या गावची गोष्ट त्या गावात. याला एक व्यावहारिक कारणही आहे. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा हिशेब इंग्रजी टाइपरायटरच्या 12 पॉइंट कुरिअर अक्षरावर बसवलेला. देवनागरीत तो जुळत नाही. फॉन्ट बदलला की पानं कमीजास्त होतात. त्यामुळे मोबाइलवर घड्याळ लावून वाचणं हाच आमच्याकडे खात्रीचा मार्ग.

दिवाळीच्या सुट्टीत वाचन ठेवलं. जागा म्हणजे ओळखीतल्या सरांच्या ट्यूशन क्लासचा हॉल. आमच्या जिल्ह्यात देऊळ नसलेली गल्ली सापडेल, क्लास नसलेली नाही. फळ्यावर सेंद्रिय रसायनशास्त्राची कसली तरी साखळी तशीच होती आणि कोपऱ्यात 'पुसू नये' लिहिलेलं. नाट्यशास्त्राला शिकणारे चार मित्र संभाजीनगरहून एसटीनं आले. एकानं ॲक्शन, म्हणजे पडद्यावर काय घडतं ते वर्णन, वाचायची, बाकीच्यांनी पात्रं. मामांना बोलावलं होतं, ते धुतलेला शर्ट-पायजमा घालून अर्धा तास आधीच हजर. आणि आई आली. तिला मी बोलावलं नव्हतं. पोरांना चहा कोण देणार म्हणून थर्मास घेऊन ती स्वतःच आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

आमचं घर टोकाच्या गल्लीत. पाइपलाइन जिथं संपते तिथं. पुढच्या घरांनी नळाला थेट मोटारी लावल्या की मागं येते ती निव्वळ हवा. त्या उन्हाळ्यात आईनं मामांना काय काय शिव्या घातल्यात त्या मी लहानपणी ऐकल्या आहेत. तोंडावर अर्थात कधी नाही. आणि आता ती दोघं एकाच खोलीत, मधे सहा बाक.

पहिली काही पानं बरी गेली. मामांना झोप येत होती हे दिसत होतं. मग नोटांचा सीन आला आणि ते जागे झाले.

"थांबा," मामा म्हणाले. "हे पैसे घेतो का हा?"

"गोष्टीत घेतो, मामा. तुम्ही नाही."

"लोक काय गोष्ट बघनार व्हय? मलाच बघनार." थोडं थांबून, "बरं, घेऊ द्या. पर एवढे? आकडा तर काढा."

पोरं हसली. मागून आईचा आवाज आला, "म्हणजे घ्यायचे तर!"

मामा वळले. त्यांनी आईला ओळखलं नव्हतं. "ताई, चहा घेतलाय मी. चिवडा खाल्लाय. एका लग्नात टॉवेल-टोपी घेतली. पैसा नाही."

"मग आमच्या गल्लीत पाणी का येत नव्हतं?"

"कुठली गल्ली?"

आईनं सांगितलं. मामा लगेच म्हणाले, "तिथं चढ आहे."

"चढ? काय सांगूलालाव तुम्ही! पाऊस पडला की सगळी गल्ली आमच्या दारात येती, आन् नळाच्याच पाण्याला चढ?"

मी मधे पडणार होते. ॲक्शन वाचणाऱ्या मित्रानं मांडीवर हात ठेवून मला दाबलं आणि मोबाइलवरचं घड्याळ बंद करून रेकॉर्डिंग चालू केलं. नंतर दोघांची परवानगी घेतली, पण त्या क्षणी त्यानं केलं ते शहाणपणाचंच होतं.

भांडण जोरात झालं. आईची सगळी उधारी बाहेर निघाली: टँकरमागं धावताना मोडलेली बांगडी, शेजारणीशी वर्षभर तुटलेलं बोलणं, पाहुणे येणार म्हटल्यावर पोटात येणारा गोळा. लातूरला टाक्यांजवळ आणि टँकर भरतात तिथं जमावबंदीचं 144 कलम लागलं होतं. माझी मावशी तिथं राहते. आई म्हणाली, "ती फोनवर सांगायची, माणसं उभी राहू देत नाहीत, मग आम्ही नुसत्या घागरी रांगेत ठेवून घरी येतो. घागरींना कुठं कलम लागतंय?" हे वाक्य मी सातआठ वर्षं ऐकत आले होते आणि पटकथेत घ्यायचं मला सुचलं नव्हतं, हे विशेष.

मामा आधी बचाव करत होते. मग उठले. हॉलच्या कोपऱ्यातला झाडू उलटा करून त्यांनी दोन बाकांच्या मधे उभा धरला आणि दाखवायला लागले. चावी हातानं फिरवायची नसते, कंबरेनं फिरवायची. आटे मोजायचे, तोंडातल्या तोंडात. सगळे आटे सोडले तर पुढच्या भागाचा जोर मरतो, कमी सोडले तर शेवटपर्यंत पाणी चढत नाही. रात्री, चेंबरमध्ये बॅटरीच्या उजेडात, कुत्री अंगावर येत असताना हा हिशेब. आणि मग त्यांनी झाडूच्या टोकाला कान लावला.

"हे काय?"

"ऐकायचं. चावीला कान लावला की खालचं समजतं. पाणी चाललंय का नुसती हवा. पाण्याचा आवाज भरीव येतो. हवा असली की खरखर. तुमच्या बाजूची लाइन," ते आईला म्हणाले, "कायम खरखर करायची. मला म्हाईत असायचं तिकडं पोचत नाही ते. उभा राहायचो मी. पर पुढची गल्ली हातात दगड घेऊन बसलेली, त्यांची वेळ झालेली. बंद करावंच लागायचं."

आई काही बोलली नाही. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मी पण ऐकायची. नळाला कान लावून. रात्री दोनला, तीनला. आधी फुसफुस करायचा. फुसफुस वाढली की मी पोरीला उठवायची, घागर लाव म्हणून. आणि फुसफुस तशीच बंद व्हायची."

मला तो पितळी नळ आठवला. कानाला गार लागायचा.

मी वहीत लिहीत होते ते थांबलं. एका पाइपच्या दोन टोकांना दोन माणसं, एकाच वेळी, कान लावून. तो चावीला, ती नळाला. दोघांना एकच आवाज येतोय. त्याला बंद करायचंय, तिला सुरू व्हायला हवंय. माझ्या सबंध ड्राफ्टमध्ये नायकाला काय हवंय ते मी संवादातून सांगत बसले होते. आणि इथं एक शब्द न बोलता दोघांचं हवंपण दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि वेळ संपत चालल्याचा ताणही होता. पटकथेत 'तहान' लिहिता येत नाही असं मॅडम म्हणतात. कॅमेऱ्याला तहान दिसत नाही, माणूस काय करतो ते दिसतं. ते मी परीक्षेत लिहूनही आले होते.

मग आईनं विचारलं, "तुमच्या घरी तर हौद भरलेला असेल."

मामा हसले. "माझं घर कुठाय बघा की. तुमच्याहून पुढं, प्लॉटिंगात. तिथं लाइनच नव्हती. टँकर. बायको रोज शिव्या घालायची, गावाला पाणी पाजतोस आन् घरात टिपाड कोरडं."

"बरं करायची," आई म्हणाली आणि थर्मास उघडला.

वाचन पुढं झालं, पण खरं सांगायचं तर उरलेली पानं सगळ्यांनी उपचार म्हणून वाचली. कागदावरचा नायक खोलीतल्या माणसापुढं फिका पडला होता. चांगले नट होते बिचारे.

त्या रात्रीच नवीन सीन लिहिला. सव्वा पान, एकही संवाद नाही. बाह्य, रात्र, चेंबर. आंतर, रात्र, मोरी. आळीपाळीनं. आवाजाचं वर्णन मात्र नीट केलं, कारण हा सीन कॅमेऱ्याआधी साउंड रेकॉर्डिस्टचा आहे: भरीव, खरखर, फुसफुस, मधे कुत्रं. नोटांचा सीन काढला. वर्गातल्या दोघांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. रेल्वे ठेवली, पण मोरीबाहेरच्या खोलीत टीव्हीवर. आईच्या पाठीमागं, आवाज बंद. मॅडमनी पानाच्या कडेला फक्त 'हो' लिहिलं. त्यांच्याकडून 'हो' मिळणं सोपं नाही, एवढं आमच्या बॅचचं कुणीही सांगेल.

संमतीचा प्रश्न मी दोघांशी बोलून सोडवला. मामांची अट: नाव नको, गाव नको, आणि सायकल हवीच. आईची अट: पिक्चरमधल्या बाईच्या तोंडी शिव्या नकोत, "लोकांना वाटेल मी खरंच देत होते."

शेवटाचं मात्र अजून जमलेलं नाही. आईचं म्हणणं, शेवटी नळाला पाणी आलंच पाहिजे, एवढं रात्रभर जागवलंय तिला. मामांचं म्हणणं, येणारच नाही, चढ आहे, खोटं दाखवू नका. मी अर्ध्या घागरीवर तडजोड सुचवली. आई तयार झाली. मामा दर दोनचार दिवसांनी फोन करतात आणि विचारतात, "चढाचं काय केलंत?"