छोटा गंधर्व : आमच्या संगीताच्या वर्गातले एक दैवत

शाळेने मला पुष्कळ दिले. पण संगीत नाटकांतले गायक-नट छोटा गंधर्व यांचे गाणे कसे ऐकावे, ही तिची देणगी मी सर्वांत मोलाची मानतो. आमचे संगीताचे सर ‘सौभद्र’ या संगीत नाटकातल्या ‘प्रिये पहा’ या पदाची त्यांची ध्वनिमुद्रिका लावीत. कुणी तानेला दाद दिली, की सर सांगत, “अरे, श्रीकृष्ण रुक्मिणीला पहाट झाल्याचे सांगतो आहे, तो मैफलीत बसलेला नाही.” मग शब्द कोठे सोडला, लय कोठे किंचित मागे ठेवली, हे आम्ही पुन्हा ऐकत असू.

सौदागर नागनाथ गोरे हे त्यांचे मूळ नाव. १९१८ साली सातारा जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी दामुअण्णा जोशी यांच्या बालमोहन नाटक मंडळीत दाखल झाला आणि अनंत हरी गद्रे यांनी त्याला ‘छोटा गंधर्व’ म्हटले. आचार्य अत्रे यांची नाटके ही मंडळी करीत असे, आणि तेथे त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या. बालनटाचा आवाज फुटला की त्याचे दिवस बहुधा सरतात. त्यातच १९३२ पासून मराठी बोलपट आले आणि नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडू लागल्या. अशा ओहोटीच्या काळात छोटा गंधर्वांनी स्त्रीवेष उतरवून नायकाच्या भूमिका घेतल्या आणि पुढे ‘सौभद्र’मधला श्रीकृष्ण, ‘मानापमान’मधला धैर्यधर, ‘मृच्छकटिक’मधला चारुदत्त या भूमिका आपल्या गळ्याने नव्याने उभ्या केल्या, ही मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

‘देवमाणूस’ या नाटकाच्या पदांना त्यांनी स्वतः चाली दिल्या; ‘चांद माझा हा हसरा’ हे त्यातलेच. विद्याधर गोखले यांच्या १९६० सालच्या ‘सुवर्णतुला’ या नाटकाचे संगीतही त्यांचेच. ‘गुणरंग’ या नावाने त्यांनी बंदिशीही रचल्या. गायकी एवढी पक्की असूनही रंगभूमीवर त्यांनी पदातल्या अर्थाला मागे सारले नाही, असे मला प्रत्येक वेळी जाणवते.

१९९७ च्या अखेरीस ते गेले. शाळेच्या नव्या संगीत कक्षात ‘सौभद्र’ आणि ‘देवमाणूस’ या दोन्हींतली त्यांची पदे एकापाठोपाठ एक ऐकवली जावीत, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.