पद्मिनीचं कौतुक आणि गिऱ्हाईक

सोमवार

1980-90 च्या काळातली, एका घरात वाढलेली, रंग टिकवलेली प्रीमियर पद्मिनी मोटार विकायला काढली की फोन पुष्कळ येतात. काही जण "आमच्याकडेही होती" एवढंच सांगायला करतात. काहींना ती लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने हवी असते. एखादा भंगारवाला वजन विचारतो (साधारण 900 किलो भरते, त्याला ते पाठ असतं). घेणारा मात्र येत नाही. मग मालक म्हणतो, लोकांना जुन्याची किंमत राहिली नाही.

किंमत आहे. पण मालक जी गोष्ट विकायला बसलाय ती गिऱ्हाईक घेतच नाही. मालक गाडीची अवस्था विकतो आणि गिऱ्हाईक पुढच्या दहा वर्षांची निगराणी विकत घेतो: जागा, मिस्त्री, पार्ट, पासिंग. गाडी कितीही चकचकीत असली तरी ही चार ओझी हलकी होत नाहीत.

त्यात पद्मिनीचं वय अडनिडं. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डी बनू लागली, पुढे ती प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. 2000 च्या आसपास उत्पादन थांबलं. केंद्राने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. त्यात पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेली गाडीच बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला 5,000, आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. म्हणजे 1985 ची पद्मिनी 2035 पर्यंत विंटेज नाही. तोवर ती आरटीओच्या लेखी नुसती म्हातारी गाडी. संग्राहकाला डुक्कर फियाट (पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल 1100) हवी असते, निदान साठच्या दशकातली फियाट डिलाइट. रोज ऑफिसला जाणाऱ्याला दहा वर्षांची वॅगन-आर परवडते. पद्मिनी या दोघांच्या मधे अडकते.

शिवाय तेव्हा ती खंडीभर बनली. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहायला लागायची हे खरं, पण ती टंचाई तेव्हाची. आज दुर्मिळ आहे ती चांगली पद्मिनी, आणि चांगली कशी ओळखायची हे जाणणारं गिऱ्हाईक त्याहून दुर्मिळ.

मंगळवार

टॅक्सीवाल्यांचे उपकार खाजगी मालकांच्या कधी लक्षातच आले नाहीत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या होत्या तोवर वॉटर पंप, क्लच प्लेट, किंगपिन-बुशचा सेट, व्हील सिलिंडरचे रबर वॉशर असं सगळं कुठल्याही गल्लीत मिळायचं, कारण रोज हजारो गाड्यांना ते लागायचं. पार्ट बनवणारे छोटे कारखाने त्या खपावर जगत होते. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा लागली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदवलेली, ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर पार्टांची बाजारपेठही गेली.

आता मुंबईच्या सीएसटी रोडला, चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडायचं. काढीव माल मिळतो, पण तो टॅक्सीतून निघालेला, म्हणजे आधीच दोन जन्म वापरलेला. इंजिनाचं सामान त्यातल्या त्यात मिळतं. खरी चणचण अंगावरच्या सामानाची: मागच्या दिव्यांच्या काचा, ग्रिल, दाराचे हँडल, पुढच्या-मागच्या काचेचं रबर. विकणाऱ्याकडे हे सामान खोक्यात भरून ठेवलेलं असेल, तर नव्या रंगापेक्षा त्या खोक्याचं वजन सौद्यात जास्त पडतं. जाहिरातीत पहिला फोटो त्या खोक्याचा टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुधवार

निम्मे सौदे कागदांवर फिसकटतात.

आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत आधी बघावी. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म 25 वर, गाडी निरीक्षकासमोर उभी करून. मोटारीसाठी ही फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या मोटारींसाठी 10,000. मुदत उलटली असेल तर महिन्याला 500 रुपये दंड चढत जातो. तीन वर्षं राहून गेलं म्हणजे नुसत्या दंडाचे 18,000. वर आपल्याकडचा पर्यावरण कर वेगळा. "घेणारा करून घेईल" असं म्हणणारा मालक स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक घालवतो, कारण घेणाऱ्याला हा आकडा माहीत नसतो आणि माहीत नसलेला आकडा तो दुप्पट धरतो.

दुसरी भानगड इंजिन नंबरची. डिझेल स्वस्त होतं तेव्हा पुष्कळ पेट्रोल पद्मिनींमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली, पुढे परत पेट्रोल, आणि मधल्या बदलांची नोंद आरसीवर चढवलीच नाही. इंजिन ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नसेल, तर नावावर करताना गाडी तिथेच अडते. चेसिस नंबरवर रंगाचे चार थर असतील तर थिनरने पुसून, पेन्सिलने कागदावर ठसा काढून ठेवावा. रंग बदलला असेल, गॅस किट बसवलं किंवा काढलं असेल, तर तीही नोंद हवी. 35 वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून आरसीवर दिसतो, हे तर नेहमीचंच. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 दिल्याशिवाय तो उतरत नाही. ती बँक मधल्या काळात दुसरीत विलीन झाली असेल तर पत्र मिळवायलाच महिने जातात.

पुस्तकाच्या आरसीवाल्या गाडीचा तपशील सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर चढला आहे का, हेही विकण्याआधी तपासावं. नसेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचं बुकिंग होत नाही, ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही. परराज्यातल्या गिऱ्हाइकाला फॉर्म 28 ची एनओसी लागते. दिल्लीच्या बाजूला 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध घालणारे आदेश 2015 आणि 2018 मध्ये आले, तेव्हापासून तिकडचं हौशी गिऱ्हाईक हात आखडता घेतं.

गुरुवार

जाणकार गिऱ्हाईक गाडी कशी बघतो ते मालकाने शिकून घ्यावं.

तो रंगाकडे बघत नाही, खाली बसतो. पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, सगळा भार पत्र्यावर. दार उघडून खालच्या कडेला बोट फिरवतो. तिथे पाणी निघून जायला भोकं असतात. रंगवताना ती पुट्टीने बुजलेली असली की पावसाचं पाणी काचेच्या रबरामधून आत उतरतं, दारात साठतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून फक्त रंगाखाली तांदळाएवढे फोड दिसतात. फोडावर नख दाबलं की कवच फुटून तपकिरी भुगा बोटाला लागतो. मग पातळ रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर, हेडलाइटच्या भोवती फिरवतो. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर खाली पुट्टी. मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, बॅटरीखालची बैठक, डिकीत स्टेपनीखालचा खळगा, जॅक लावायच्या जागा. मुंबई-कोकणातली गाडी यांपैकी कुठेतरी सापडतेच. कोरड्या हवेतली सोलापूर-नगरकडची गाडी म्हणूनच लवकर खपते.

रंग नुकताच मारलेला असेल तर उलट संशय वाढतो. खाली काय दडवलंय? म्हणून पत्र्याचं काम चालू असताना काढलेले फोटो, नव्या पत्र्याचे, वेल्डिंगचे, प्रायमरचे, हेच खरे कागद. ते नसतील तर विकण्यासाठी म्हणून रंग देऊ नये. मूळचा फिका रंग परवडला.

इंजिन थंड असतानाच दाखवावं. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवणारे मालक खूप. जाणता माणूस रेडिएटरवर हात ठेवून ते ओळखतो आणि तिथून पुढे काही खरं मानत नाही. 1089 सीसीचं हे इंजिन नीट असेल तर चोक ओढून दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला धरायला हवं. धरत नसेल तर बहुतेकदा कारण क्षुल्लक असतं: डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळालेले (फट 0.4 ते 0.5 मिलिमीटर ठेवावी), नाहीतर सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा. सुटताना निळा धूर आला तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरचं मोजून आकडे लिहून ठेवावेत. आकडा किती आहे यापेक्षा चारांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नाही ना, हे बघायचं असतं.

आणि सांभाळलेल्या गाडीचा खास रोग: ती उभी असते. कव्हर घालून, महिन्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून बंद करायची, यालाच मालक निगा म्हणतो. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमधलं पाणी उडत नाही, तो आतून सडतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात, पिस्टन अडकतो. चारही चाकांना ड्रम, त्यामुळे उघडल्याशिवाय कळत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली की समजावं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, तेही पाणी धरतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फुगून मऊ पडतात, टाकी आतून गंजते. महिन्यातून दोनदा 15-20 किलोमीटर चालवणं, टाकी फार रिकामी न ठेवणं, नळ्या आणि डायफ्रॅम नव्या रबराचे घालणं, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं, एवढं केलं तर बरंच वाचतं.

टायरवरची नक्षी शाबूत म्हणून खूश होऊ नये. बाजूला चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा. असा टायर नखाने टोचला तर लाकूड लागतो. 5.20-14 हे मूळ माप सहजासहजी मिळत नाही, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं आणि तो तेवढे पैसे मनात वजा करतो.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं आणि खडखडलं तर किंगपिन-बुश गेलेत, म्हणजे ग्रीस मारलं जात नव्हतं. स्टिअरिंगवरचा गिअर ढिला असेल तर दांड्यांच्या बुशा बदलून घ्याव्यात. खर्च थोडा, पण पहिल्या फेरीत त्याचाच ठसा उमटतो.

शुक्रवार

अलॉय व्हील, बकेट सीट, मागून बसवलेला एसी, डिकीत भलामोठा स्पीकर: संग्राहकासाठी हे सगळं उणे. मूळ चाकं, व्हीलकॅप, हॉर्नची रिंग माळ्यावर असतील तर परत चढवून टाकावीत.

शनिवार

आता भावाचं. समजा पत्रा-रंगाला दोन लाख घातले, इंजिनाला साठ हजार. मालक ते मूळ किमतीत मिळवतो आणि नाकापेक्षा मोती जड होतो. तो खर्च त्याच्या हौशीचा होता. गिऱ्हाईक फक्त वाचलेला त्रास मोजतो. जाहिरातीत दिसणारे आकडे मागितलेले असतात, मिळालेले नव्हे. तीच जाहिरात आठ महिने तशीच असेल तर तो भाव नाही, एवढं समजायला हरकत नाही.

एवढ्या जुन्या गाडीला बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणजे सगळी रक्कम रोख लागते. विम्याचंही तेच. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि बऱ्याच कंपन्या थर्ड पार्टीपुढे जात नाहीत. विम्याच्या जुन्या मोटर टॅरिफमध्ये (दरपत्रकात) विंटेजला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 25 टक्के सूट होती, पण ती 1940 अखेरपर्यंतच्या गाड्यांना. पद्मिनीला तिचा काय उपयोग! ज्या मालकाने सर्वसमावेशक पॉलिसी चालू ठेवली आहे, त्याने ती पुढे करावी.

माझ्या मते गिऱ्हाईक मिळवण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मिस्त्री दाखवणं. गाडी ज्याच्या हाताखाली आहे त्याला सौद्याच्या दिवशी बोलवावं आणि "पुढेही हेच बघतील" हे त्याच्याच तोंडून येऊ द्यावं. कार्ब्युरेटर ट्यून करणारे हात कमी होत चाललेत, आणि घेणाऱ्याची सगळ्यात मोठी धास्ती तीच असते. पार्किंगची धास्ती मात्र कुणीच घालवू शकत नाही. सोसायटीत एकच जागा, तिथे रोजची गाडी. म्हणून मुंबईतल्या गिऱ्हाइकाच्या मागे फार लागू नये. नाशिक, सांगली, कोल्हापूरकडे घरापुढे अंगण असलेला माणूस बघावा.

सौदा झाला तर गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 सही करून कोरे देऊ नयेत, तारीख भरूनच द्यावेत. विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करायची, असं कायदा सांगतो. नावावर होईपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहावी, किलोमीटरचा आकडा लिहावा आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत त्याच कागदाला टाचून ठेवावी.