अर्धी गोळी आणि सकाळची चक्कर

कोथरूडला आमचं मेडिकल आहे. सकाळी अकराच्या ऐन गर्दीत नेहमीचे एक काका मुलाचा हात धरून आले. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसवलेला माणूस, पण एरवी खुटखुटीत. मुलाने गोळ्यांची पाकिटं काउंटरवर ठेवली. "मॅडम, बाबांना रोज सकाळी गरगरतं. ही कोलेस्टेरॉलची गोळी अर्धी करून घेतात, त्याचाच त्रास आहे. शिवाय अर्धी केली की तिचा गुणही जातो म्हणे. मी परवापासून बंद केलीय."

माझ्या पोटात धस्स झालं. स्टेंट असलेल्या माणसाची स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची गोळी, घरच्या घरी बंद करणं हे त्या चक्करेइतकंच काळजीचं होतं.

काकांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही स्टॅटिन 40 मिलिग्रॅमची चालू होती. 80ची गोळी 40च्या दुप्पट किमतीला पडत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ते 80ची अर्धी करत. काकांनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. सुरीने कापलेले तुकडे, ठिसूळ कडा, तळाशी पांढरी पूड. मुलाने दोन तुकडे उचलून माझ्यासमोर धरले. "बघा, एक मोठा, एक बारका. कसा काय डोस बरोबर बसणार?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी त्याला सांगितलं, आज बारका तुकडा पोटात गेला तर उद्या मोठा जातो. या औषधाचा यकृतावरचा परिणाम वीस ते तीस तास टिकतो, त्यामुळे रोजचा थोडा कमी-जास्तपणा भरून निघतो. शिवाय स्टॅटिनचा डोस थेट दुप्पट केला तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण सहा टक्केच आणखी उतरतं; मग तुकड्यातल्या एवढ्याशा फरकाने काय बिघडणार? अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी खर्च वाचवायला कितीतरी रुग्णांना अशा अर्ध्या गोळ्या दिल्या, आणि त्यांचं एलडीएल तपासलं तेव्हा ते वाढलेलं नव्हतं. काकांचा ताजा रिपोर्ट फाइलमध्येच होता. एलडीएल 62, म्हणजे वाढलेलं नव्हतंच. गोळी अर्धी करायला लागल्यानंतरचा.

"मग चक्कर कशाने?" काकूंनी मागून विचारलं. तोवर त्या बोलल्याच नव्हत्या.

माझी नजर पुन्हा डबीत गेली. पांढऱ्या तुकड्यांत काही गुलाबीसर तुकडे होते. "काका, हे कोणते?"

"बीपीची. डॉक्टरांनी 20ची 10 केली ना, जुन्या 20च्या बऱ्याच उरल्या होत्या. टाकायच्या कशाला? त्याही अर्ध्या केल्या."

पाकीट उलटं करून पाहिलं. नायफेडिपिन रिटार्ड 20. रिटार्ड म्हणजे औषध तासन्‌तास हळूहळू सुटावं अशी बांधणी केलेली गोळी. ती सुरीने कापली की ती बांधणीच मोडते आणि औषध भसकन रक्तात उतरतं. "काका, गोळी घेतल्यावर तासाभरात चेहरा तापतो? छातीत धडधडतं?" काका काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "अगदी तेव्हाच! आणि उठून उभे राहिले की भिंत धरतात."

मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी स्टॅटिन आज रात्रीपासूनच पुन्हा सुरू करायला सांगितली, बीपीचे तुकडे फेकून 10ची अख्खी रिटार्ड द्यायला सांगितली, आणि संध्याकाळी काकांना तपासायला बोलावलं. स्टॅटिन कशी मोडायची तेही मी दाखवलं: सुरी नको, गोळ्या कापायचं छोटं यंत्र मिळतं ते घ्या, सगळं पाकीट एकदम कापून ठेवू नका, एक मोडली की तिचा दुसरा भाग दुसऱ्या दिवशी संपवा, म्हणजे हवेतली ओल लागणार नाही.

मला संताप येतो तो पाकिटावरच्या अक्षरांचा. रिटार्ड, एसआर, ईआर, सीआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, ही इवलीशी अक्षरं सत्तरीच्या माणसाने वाचायची कशी? कोणती गोळी मोडायची नाही हे ठळक मराठीत छापायला काय हरकत आहे? आमच्या दुकानात अशा प्रत्येक पाकिटावर मी लाल पेनने "मोडू नये" लिहिते.

त्या दिवशी काकांच्या पाकिटावर लिहीत असतानाच त्यांनी पिशवीत हात घातला. "ताई, मग ही साखरेची पण बघा बरं."

मेटफॉर्मिन एसआर होती. तिच्यावरही लिहिलं.