लाल दरवाज्यातल्या शेठजींच्या घरी

अहमदाबादला जाणारी आपल्याकडची मंडळी बहुतेक नदीपलीकडे उतरतात. आश्रम रोड, सी. जी. रोड, नाहीतर थेट एस. जी. हायवे. तिकडे हॉटेलं नवी, रस्ते रुंद. आम्हाला मात्र जुन्या शहरातच राहायचं होतं. बरोबर आई होती, त्यामुळे भद्र, तीन दरवाजा, माणेक चौक हे सगळं तिला जमेल इतक्या अंतरावर हवं होतं. कालुपूर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने पत्ता ऐकला आणि आम्हालाच समजावायला लागला, "बेन, त्यां तो बहु गिरदी छे." गिरदी बघायलाच आलोय म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि मीटर टाकला.

लाल दरवाजा भागातल्या आमच्या हॉटेलचं नाव 'द हाउस ऑफ एम. जी.'. गुजरातेत एम. जी. म्हटलं की आपण सरळ महात्मा गांधींवर जातो. हे एम. जी. म्हणजे मंगळदास गिरधरदास, अहमदाबादचे मोठे गिरणीमालक. हे घर त्यांनी 1924 साली बांधलं. गांधींशी त्यांचा संबंध आलाच, कारण त्या काळच्या अहमदाबादेत शेठ लोकांना ते टळणारं नव्हतं. 1918 मध्ये गिरणी कामगारांचा संप झाला, गांधींनी उपोषण केलं, तडजोड झाली. पुढे 1920 मध्ये मालक-मजुरांचे तंटे सोडवायला लवाद नेमला, त्यात मजुरांच्या बाजूने गांधी होते आणि मालकांच्या बाजूने हे मंगळदास शेठ. एका बाजूला आश्रमात राहणारा माणूस, दुसऱ्या बाजूला पुढे ही हवेली बांधणारा, आणि दोघं एका टेबलाशी. दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर बसून मला तेच चित्र डोळ्यासमोर येत होतं.

इमारत पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दरवाज्याआडच्या गल्ल्यांतल्या, हवेल्यांसारखी नाही. पोळीतलं घर चिंचोळं, आत खोल जाणारं, दर्शनी भागात लाकडावर कोरीवकाम. हे घर रस्त्याला तोंड करून ऐसपैस बसलंय. विसाव्या शतकातल्या पैसेवाल्यांची आवड सरळ दिसते: खांब आणि कमानी विलायती वळणाच्या, आतला कारभार मात्र पक्का गुजराती. मधे चौक, सज्जे, पाय पसरून बसायला ओटे आणि जागोजागी झोपाळे. पुढच्या पिढ्यांनी घर विकलं नाही, टप्प्याटप्प्याने त्याचं हॉटेल केलं.

खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या आईने तपासणी सुरू केली. तिचं बालपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं, त्यामुळे जुन्या घरात तिला कुणी फसवू शकत नाही. आधी तिने चप्पल काढून फरशीवर पाय ठेवला. नक्षीदार फरशी, लाल-काळ्या-पिवळसर रंगांची, मधोमध येण्याजाण्याच्या वाटेवर नक्षी पुसट झालेली आणि कडेला पलंगाखाली अगदी टवटवीत. "ही मूळची आहे," ती म्हणाली. "नवी बसवली असती तर सगळीकडे सारखी दिसली असती." मग दाराची कडी वाजवून पाहिली, खिडकीचा कोयंडा लावून पाहिला, छताकडे बघून "पंखा पुसायला शिडी लागत असणार," असा शेरा मारला. न्हाणीघर पूर्ण नवं होतं, त्याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. "तेवढं जुनं नकोच गं," म्हणाली.

जुन्या घराचं हॉटेल करताना नेमकं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड असतो. मी अशी काही हॉटेलं पाहिली आहेत जिथे कोपऱ्यात पितळी समई, भिंतीवर नांगर आणि स्वागताला फेटेवाला उभा केला की 'हेरिटेज' झालं. इथे ते फारसं नाही. कुटुंबाचे फोटो आहेत, कापडांचा संग्रह आहे, पण गिरणीमालकाच्या घरात कापड नसेल तर कुठे असणार? मला सगळ्यात आवडलं ते हे की जिने जिथे होते तिथेच आहेत. आपल्या खोलीकडे जायला दोन वळणं जास्त घ्यावी लागतात, मधे एखादा सज्जा ओलांडावा लागतो, खालच्या चौकातली माणसं दिसतात. नव्या हॉटेलात लिफ्टमधून कार्पेटवर उतरलं की आपण कुठल्या शहरात आहोत ते दार उघडेपर्यंत आठवत नाही. इथे तशी सोय नाही, आणि ते बरंच आहे.

आईशी यावरून रात्री बराच वेळ बोलणं झालं. पुण्यातले वाडे का पडले याचा तिचा हिशेब स्वच्छ आहे. नदीकाठचे 1961 च्या पानशेतच्या पुरात गेले. उरलेल्यांना भाडेकरूंचं भाडं इतकं तुटपुंजं होतं की मालकाला कौलं बदलणंसुद्धा परवडेना. मग भावाभावांत वाटण्या, मग बिल्डर. त्यांचा वाडाही असाच गेला, आता तिथे खाली पार्किंग आणि वर फ्लॅट आहेत. "तुमच्या त्या शेठजींच्या पोरांनी अक्कल चालवली," ती म्हणाली. "घर कमावतं केलं. आमच्याकडे घर फक्त खर्च करायचं." मी म्हटलं, हे गिरणीमालक होते, आपल्या आजोबांची पोस्टात नोकरी होती. त्यावर ती काही बोलली नाही, पण तिचा मुद्दा मला पटला होता. अहमदाबादच्या पोळींमध्येही हेच चाललं आहे. कुटुंबं नदीपलीकडे गेली की रिकाम्या हवेल्यांचे कोरीव खांब, तोडे, दारं सुटी करून जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांना विकली जातात. जुलै 2017 मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर ठरवलं, भारतातलं पहिलंच. पण पाटी लागली म्हणून छत गळायचं थांबत नाही. वारसा यादीतल्या घरमालकांना टीडीआर, म्हणजे आपल्या जागेवरचा न वापरलेला बांधकामाचा हक्क, विकून दुरुस्तीचा पैसा उभा करता येतो, ही सोय महापालिकेने केली, ती खरी कामाची. खाडियाच्या बाजूला फ्रेंच हवेलीसारखी पोळीतलीच घरं आता पाहुण्यांसाठी उघडली आहेत. खिशाला शेठजींचं घर जड वाटलं तर तिकडे बघा. लाकडी हवेलीत राहायचा अनुभव तर तिथेच जास्त खरा.

हॉटेलच्या दाराबाहेर आलं की समोर सिदी सय्यदची मशीद. आयआयएम अहमदाबादच्या बोधचिन्हामागची जाळी ती हीच. 1572-73 मध्ये, म्हणजे गुजरातची सल्तनत शेवटचे श्वास घेत असताना आणि अकबराचं सैन्य येऊन ठेपलेलं असताना, सिदी सय्यद नावाच्या एका हबशी सरदाराने ती बांधली. मशीद छोटी आहे आणि आज चारी बाजूंनी वाहनांच्या गराड्यात सापडली आहे, नेहरू पुलाकडे जाणाऱ्या बसेस अगदी कडेने वळतात. मागच्या बाजूला, पश्चिमेच्या भिंतीत त्या जगप्रसिद्ध जाळ्या. एक झाड, त्याच्या फांद्या एकमेकींत गुंतत कमानभर पसरलेल्या, शेजारी ताडाची खोडं सरळ वर गेलेली. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, हे एका दगडात कोरलेलं नाही, तुकडे जोडून केलेलं आहे. सांधे शोधावे लागतात, कारण फांदी सांध्यावरून न अडखळता पुढे जाते. मधली मोठी कमान मात्र दगडांनी बंद आहे. सल्तनत गेली आणि काम अपुरं राहिलं असं म्हणतात. मराठे गेल्यावर इंग्रजांनी या मशिदीत सरकारी कचेरी थाटली होती. एवढ्या नाजूक जाळीशेजारी कारकून शेतसारा लिहीत बसले असतील!

जेवायला वर गच्चीवर, 'अगाशिये'मध्ये. रोजचा बेत ठरलेला असतो, कार्ड वाचत बसायचं नाही. आम्ही जानेवारीच्या सुरुवातीला गेलो होतो, म्हणजे उंधियुचा हंगाम. सुरती पापडी, जांभळं कंद, छोटी वांगी, मेथीचे मुठिये, आणि वर हिरव्या लसणीचा वास. बाजरीचा रोटला, लोणी, गूळ. मराठी माणूस गुजराती थाळीवर बसला की पहिली तक्रार गोड डाळीची असते, पण आई कोकणस्थ. आमटीत गूळ तिच्या घरी जन्मापासून. तिने डाळ दोनदा मागून घेतली आणि मला म्हणाली, "उगाच नावं ठेवतात गं लोक." वाढणारा मुलगा तिला 'बा' म्हणत होता. "बा, थोडुंक तो लो ने." तिने नको म्हटलं तरी रोटली ताटात यायची. शेवटी तिने ताटावर हात आडवा धरला, तेव्हा त्याने हसून कढी वाढली. कढीला हात आडवा येत नाही.

सकाळी महापालिकेचा हेरिटेज वॉक केला. 1997 पासून तो चालू आहे, कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघतो आणि पोळींतून वळणं घेत जामा मशिदीशी संपतो. पोळ म्हणजे एकाच दरवाज्याआड वसलेली गल्ली, रात्री दार बंद करायचं. मधे उंच खांबावर पाखरांना दाणे टाकायचा चबुतरा, घरांच्या पोटात पावसाचं पाणी साठवायचं टाकं. आईला टाक्यांत सगळ्यात जास्त रस. कुणाच्या अंगणात झाकण दिसलं की ती थांबायची, आणि घरातली बाई बाहेर येऊन तिच्याशी अर्ध्या गुजरातीत अर्ध्या हिंदीत बोलायची. वॉकची बाकी मंडळी पुढे जाऊन आमची वाट बघत उभी.

मराठी माणसाने मात्र एवढ्यावर परतू नये. 1758 पासून 1817 पर्यंत हे शहर मराठ्यांकडे होतं, पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटून. गायकवाडांची हवेली रायखडच्या बाजूला अजून आहे. भद्रच्या किल्ल्यातलं भद्रकालीचं देऊळ त्याच काळातलं. किल्ल्याच्या आसपासच दादासाहेब मावळंकरांचं घर. लोकसभेचे पहिले अध्यक्ष अहमदाबादचे मराठी वकील होते, हे आपल्याकडे फार जणांच्या लक्षात नसतं. भद्रच्या पटांगणापुढे तीन दरवाजा, आणि त्याच्या एका खांबावर एक लेख आहे, ज्यासाठी मी मुद्दाम आले होते. मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने 1812 मध्ये हुकूम कोरून ठेवला की वडिलांच्या मिळकतीत मुलीलाही वाटा मिळावा. हिंदूने मोडला तर महादेवाला जाब द्यावा, मुसलमानाने मोडला तर अल्लाला. लेख देवनागरीत. समोर कपड्यांच्या हातगाड्या, त्यामुळे वाचायला तिरकं उभं राहावं लागलं. आईने मान वळवून वळवून वाचला, आणि विचारलं, "याचं कुणी ऐकलं का पण?" शनिवार पेठेतला वाडा विकला तेव्हा तिच्या भावांनी तिच्याकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली होती. ते आम्हा दोघींना आठवलं असणार, पण त्या गर्दीत त्यावर बोलायला जागा नव्हती.

परतताना लाल दरवाज्याजवळच 'लकी'मध्ये चहा. या हॉटेलात टेबलांच्या मधे खऱ्या कबरी आहेत, हिरव्या रंगाच्या, भोवती छोटं कठडं आणि वर ताजी फुलं. एम. एफ. हुसेन इथे चहाला यायचे, त्यांनी दिलेलं चित्र भिंतीवर आहे. मस्का बन चांगला. आई कबरीशेजारच्या बाकावर बसायला आधी तयार नव्हती, मग शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "बेसो बेसो, ए कंई नहीं कहे." बसली.

रस्त्यांवर तेव्हा उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची, लगबग होती. दोन खांबांमध्ये पांढऱ्या दोऱ्याचे पदर ताणलेले आणि बोटांना चिंध्या गुंडाळलेले कारागीर काचेच्या पुडीचा गुलाबी लगदा मुठीत धरून त्यावरून चालत जाताना. मूठ गेली की मागे दोरा गुलाबी. भाव वाराच्या, म्हणजे यार्डाच्या, मापाने. भाचरासाठी फिरकी घ्यायची आईची इच्छा होती, पण काचेचा मांजा पाखरांचे पंख कापतो हे तिनेच मला लहानपणी सांगितलं होतं, त्यामुळे घेतली ती साध्या सुती दोऱ्याची, वर घासाघीस करून.

जायचा विचार असेल तर लाल दरवाज्यातला हॉर्नचा आवाज गृहीत धरून आतल्या बाजूची खोली मागा. हेरिटेज वॉक सकाळी लवकर असतो, नाश्ता नंतर. आणि 14 जानेवारीच्या आसपास जायचं तर दिवाळीतच खोली धरून ठेवा. त्या दिवसांत पोळींतल्या लोकांच्या गच्च्यासुद्धा भाड्याने जातात, उंधियु-जलेबीसकट.