अनोळखी माणसाला पहिला मेसेज

मार्चअखेर आमचा औषधांचा डेपो नागपुरातून हलला. अकरा वर्षं तिथे स्टॉक आणि डिस्पॅच सांभाळलं होतं. पहिले तीन आठवडे नव्या नोकरीसाठी ओळखीच्यांना फोन करण्यात गेले. पण माझ्या ओळखीचे बहुतेक त्याच डेपोतले. ज्या जागा मला ठाऊक, त्याच त्यांनाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं की नोकरीची नवी खबर बहुधा लांबच्या ओळखीतून येते. मला तर लांबच्या ओळखीही नव्हत्या. त्या करायच्या म्हणून लिंक्डइन उघडलं.

पहिल्या आठवड्यात चाळीस मेसेज पाठवले, सगळे एकाच साच्यातले: "आदरणीय सर, मी अनुभवी असून योग्य संधीच्या शोधात आहे." मिहान, बुटीबोरी, वाडी, जिथे म्हणून गोदामं आहेत तिथल्या लोकांना. दोन उत्तरं आली, दोन्ही "नोटेड". एका मॅडमना गेलेल्या मेसेजात तर आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहिलं होतं. त्यांनी तो पाहिला आणि काहीच लिहिलं नाही. मला ते फार लागलं. डेपोत चुकीच्या पत्त्याचा एकही बॉक्स मी गाडीत चढू दिला नव्हता.

ताईला दाखवलं. ती शाळेत शिकवते, या धंद्याशी तिचा संबंध नाही. "अरे, हे तं कोणालाही पाठवता येते," ती म्हणाली. "अन् त्या माणसानं नेमकं करायचं काय, ते कुठं सांगितलं तू?"

मग दिवसाला दोनच मेसेज, तेही त्या माणसाच्या पोस्टी नीट वाचून. बुटीबोरीच्या एका गोदाम मॅनेजरनी लिहिलं होतं की उन्हाळ्यात खरी परीक्षा डॉकवर, म्हणजे गाडीतून माल उतरवायच्या जागी होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि औषधांच्या कितीतरी खोक्यांवर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. आत एसी असला तरी गाडीचं दार उघडल्यापासून माल आत जाईपर्यंतची वीस मिनिटं कुठल्याच रजिस्टरात येत नाहीत. मी त्याच वीस मिनिटांबद्दल विचारायचं ठरवलं. कनेक्शनच्या विनंतीसोबतच्या चिठ्ठीत जागा थोडी, म्हणून तिथे फक्त त्यांच्या पोस्टचा उल्लेख केला. त्यांनी स्वीकारल्यावर हे लिहिलं, पाऊण तास लावून:

"नमस्कार सर. मी अकरा वर्षं औषधांच्या डेपोत होतो. मे महिन्यात आम्ही सकाळी दहाच्या आत गाड्या खाली करायचो. उशिरा आलेल्या गाडीला ताडपत्रीची सावली करून चार माणसं जास्त लावायचो. तुम्हाला भर दुपारी गाडी घ्यावीच लागते तेव्हा काय करता?"

नोकरीचा शब्द नाही, रेझ्युमे नाही. यात लपवाछपवी नव्हती. काम शोधतोय हे प्रोफाइलवर स्पष्ट होतं. पण ज्याच्याशी पहिल्यांदा बोलतोय त्याच्यापुढे आधी हात पसरू नये, असं मला मनापासून वाटतं. दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा, त्याच्याच कामातला प्रश्न विचारावा.

रात्री पावणेदहाला उत्तर आलं, चांगलं लांब. डॉकच्या दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचे पडदे, गाडीत तापमान नोंदवत राहणारा डेटा लॉगर, सगळं सविस्तर. शेवटी: "तुम्ही सध्या कुठे?" मी सरळ सांगितलं. शनिवारी खापरीपर्यंत मेट्रो, पुढे बस, असा त्यांच्या गोदामात पोहोचलो. पडद्याच्या अलीकडे-पलीकडे हात धरून त्यांनी मला फरक दाखवला. त्यांच्याकडे जागा नव्हती. पण माझ्यासमोरच वाडीतल्या एका मित्राला फोन लावून म्हणाले, "यांना डॉक समजते, भेटून घ्या."

असे तीसेक मेसेज लिहिले, त्यांतल्या अकरांना उत्तरं आली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी वाडीत रुजू झालो.

त्याच आठवड्यात त्या मॅडमना पुन्हा लिहिलं. चुकीच्या नावाबद्दल माफी मागितली आणि त्यांच्या परतीच्या मालाच्या पोस्टवर एक प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "फोनवर बोलू या का?"