आईच्या तळहाताचे टाके

आईच्या उजव्या हाताचं ऑपरेशन आम्ही मुद्दाम जूनच्या शेवटी केलं, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि तेवढेच दोन महिने तिची मासळी विकायची पाटी घरात असते. कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दाबली जाते आणि अंगठा नि बाजूची दोन बोटं रात्री बधिर होतात. कित्येक महिने ती रात्री उठून हात झटकत बसायची आणि आम्हाला वाटायचं कोलंबी सोलून सोलून दुखत असेल. आधी लक्ष द्यायला हवं होतं, अजून वाईट वाटतं.

पण मला लिहायचंय ते टाक्यांबद्दल. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, काढायचे टाके घालू की आपोआप पडणारे?" आई लगेच म्हणाली, पडणारे. काही वर्षांपूर्वी विळीवर बोट कापलं होतं तेव्हा ऐन सीझन होता, टाके काढायला जायला जमलंच नाही, महिना गेला आणि दोरा कातडीत रुतला. काढताना ती रडली होती. त्या बोटावर अजून शिडीसारख्या आडव्या खुणा आहेत.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. नायलॉनचा दोरा एकपदरी, गुळगुळीत, कातडीला फारसा त्रास देत नाही, पण तळहाताचे टाके दहा ते चौदा दिवसांनी काढायला यावंच लागतं. बाबांनी दोरा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "अगो, हा तर तंगूसच!" खरंच तोच, जाळ्याचा नायलॉनचा दोरा. जाळ्याला तंगूस बांधताना गाठ सरकते म्हणून बाबा जास्तीचे वेढे घेतात ना, डॉक्टर पण नायलॉनला तेच करतात म्हणे, दोघं त्यावर दहा मिनिटं बोलत बसले.

विरघळणाऱ्यातही प्रकार आहेत हे मला माहीतच नव्हतं. विक्रिल नावाचा दोरा असतो, साधं विक्रिल पूर्ण विरघळायला दोन महिने घेतं, ते आतल्या थरांना ठीक. कातडीसाठी विक्रिल रॅपिड, त्याची निम्मी ताकद पाच दिवसांत जाते आणि दोन आठवड्यांत दोरा सुटून येतो. म्हणजे जखमेवर ताण येता कामा नये, हाताने काही उचलायचं नाही. तो विणलेला दोरा असतो, ओल धरतो, आणि आमच्याकडे जूनमध्ये भिंतीसुद्धा ओल्या, म्हणून ड्रेसिंग कोरडं ठेवायचं हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी विचारलं, गोंदाने चिकटवतात ते नाही का चालणार? तर तळहाताला घाम येतो, कातडी सतत दुमडते, तिथे तो नीट टिकत नाही म्हणाले. व्रणाचं म्हणाल तर या ऑपरेशनमध्ये दोन्ही दोऱ्यांनी काही महिन्यांनी फारसा फरक दिसत नाही. मग आमच्यासाठी प्रश्न एवढाच उरला की भर पावसात दोन एसट्या बदलून टाके काढायला कोण जाणार, आणि तो आईने आधीच सोडवला होता.

आठव्या दिवशी टाक्यांभोवती लाली दिसली आणि मी घाबरले, फोटो पाठवला. दोरा विरघळताना थोडं लाल होतं, पू आला, ताप आला, ठणका वाढत गेला तर मात्र त्याच दिवशी या, असं उत्तर आलं. तसलं काही झालं नाही. तेराव्या दिवशी मी गॉज बदलत होते तर त्यात दोऱ्याचे दोन बारीक तुकडे चिकटून आले, पांढरट, केसाएवढे. बाबांनी ते चिमटीत धरून ओढून बघितले, लगेच तुटले. आई नुसतं तळहाताकडे बघत होती, मग हळूच मूठ वळली आणि उघडली.

ऑगस्टमध्ये बोटी निघाल्या तशी ती हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावाला गेलीच. पण पाटी वहिनीच्या डोक्यावर, कारण सहा आठवडे वजन उचलायचं नाही असं सांगितलंय आणि अजून एक आठवडा बाकी आहे.