वाडीचे ड्रॉइंग मास्तर

स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असा निरोप आला तेव्हाच ठरवलं, की छड्या, उठाबशा आणि सहलीची एसटी बाकीच्यांवर सोपवायची. मला लिहायचंय किर्लोस्करवाडी, म्हणजे आपली वाडी, वसवणाऱ्या कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांवर. ते आपल्या शाळेचे ना विद्यार्थी, ना शिक्षक. १९५६ साली ते गेले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण ज्या पंचक्रोशीतली घड्याळं वाडीच्या भोंग्यावर लागायची, तिथल्या शाळेच्या अंकात त्यांच्यासाठी एक पान नसावं, हे बरं दिसणार नाही.

मला ते पहिल्यांदा भेटले ते ड्रॉइंगच्या तासाला. आमचे सर एलिमेंटरीच्या तयारीसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे. स्मरणचित्रात माझी माणसं लाकडी ओंडक्यासारखी दिसत, भूमितीचा कागद मात्र स्वच्छ असे. एकदा सरांनी तो कागद वर धरला आणि सगळ्या वर्गाला लक्ष्मणरावांची गोष्ट सांगितली. बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर हे त्यांचं जन्मगाव, साल १८६९. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग गेले, पण रेघ राहिली. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियनला दिली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून सरळ बेळगावला परत. तिथे रामूअण्णा, म्हणजे थोरले बंधू, यांच्याबरोबर सायकलींचं दुकान होतंच. त्यातून पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर.

नांगराबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण तो आमच्या घरात होता. आजोबांचा नांगर परड्यात कुंपणाला टेकवून ठेवलेला असे. आम्ही त्याच्यावर बसून घोडा घोडा खेळायचो आणि शिव्या खायचो. त्याचा फाळ बोल्टांवर बसवलेला. झिजला की पाना लावायचा, जुना काढायचा, नवा बसवायचा. लाकडी नांगर जमीन नुसती ओरखडतो. हा मात्र खाली शिरून ढेकूळ उचलतो आणि पालथं पाडतो, त्यामुळे हरळी-कुंद्याच्या मुळ्या उन्हात उघड्या पडतात. आमच्या काळ्या रानात कुंदा म्हणजे काय दुखणं असतं, हे ज्यानं खणलंय त्यालाच विचारा. एवढं असूनही सुरुवातीला हा नांगर कुणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. आजोबा म्हणायचे, “आमच्या बापानं तर त्याला शिवायलाच नकार दिला हुता.” मला यात शेतकऱ्यांचं अडाणीपण दिसत नाही. ज्याची सगळी कमाई एका पावसावर, तो नव्या वस्तूकडे संशयानं बघणारच. लक्ष्मणराव त्यांच्यावर चिडून बसले नाहीत, हे महत्त्वाचं.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेनं वसाहतीसाठी कारखान्याची जागा मागितली. औंधच्या यमाईच्या देवळाचा सभामंडप लक्ष्मणरावांनी बांधून दिला होता, ती ओळख अशा वेळी कामाला आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्ज. १० मार्च १९१० ला तिथे मुहूर्त झाला, तीच पुढची किर्लोस्करवाडी. निवडुंग, साप आणि पाण्याची टंचाई, एवढंच तिथलं भांडवल. मोजक्या कामगारांची कुटुंबं घेऊन हा माणूस तिथे उतरला आणि कारखान्याबरोबर गावही आखायला घेतलं. घरं, रस्ते, पाणी, शाळा. गावाची व्यवस्था रामूअण्णांनी सांभाळली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहारेकरी नेमलं, अस्पृश्यता चालणार नाही असं ठणकावलं. त्या काळात हे भाषणात बोलणं सोपं, रोजच्या कामात पाळणं अवघड.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आटलं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. आमच्या इतिहासाच्या सरांची ही लाडकी गोष्ट. १९२० पासून निघू लागलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक आणि १९३० चं ‘स्त्री’ हेही वाडीचंच पीक. पण ती करणी शंकरराव किर्लोस्करांची. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी तिथे शिरत नाही.

एक गोष्ट आमच्या गावांत हळू आवाजात बोलली जाते. १९४८ च्या फेब्रुवारीत, गांधीजींच्या हत्येनंतर ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले, त्यात वाडीचा कारखानाही जळाला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ज्यांच्या रानात त्यांचे नांगर चालत होते, त्याच मुलखात हे घडलं. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत हा भाग वगळतात. माझ्या मते वगळू नये, कारण त्यानंतर कारखाना पुन्हा उभा राहिला तो इथेच, याच माळावर. पुढच्या पिढीत त्यांच्या मुलानं, शंतनुरावांनी, उद्योग पुण्या-हरिहरला नेला, वाढवला. वाडीचा भोंगा मात्र वाजत राहिला.

जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, त्यांचं टपाल तिकीट निघालं. आमच्या ड्रॉइंगच्या सरांकडे ते वहीत चिकटवलेलं होतं. सर म्हणायचे, मोठ्या कारखानदारांची तिकिटं पुष्कळ निघतील, ड्रॉइंग मास्तरचं हे एवढंच.

मी पुढे डिप्लोमा केला आणि नोकरीची सगळी वर्षं ड्रॉइंग बोर्डावर आणि नंतर कॉम्प्युटरवर रेघा मारण्यात गेली. गेल्या दिवाळीत शाळेत आलो तेव्हा ड्रॉइंगच्या वर्गात सायन्सची जुनी कपाटं ठेवलेली दिसली आणि पोरं व्हरांड्यात मांडीवर पाट्या घेऊन चित्रं काढत होती. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. कपाटं त्यांनी हलवायची, टेबलं आणि बोर्ड आमची बॅच देणार. वर्गाला नाव कुणाचं द्यायचं, ते समितीनं ठरवावं. माझं मत वर आलंच आहे.